भट्टीच्या शोधात काकाजी

चांदा जिल्ह्यात पूर्वज शोधायला निघालं की ते बहुधा तीनच प्रकारचे सापडतात. एक गोंडराजाच्या दरबारातला, एक भोसल्यांच्या फौजेतला आणि एक दहा-वीस गावांचा मालगुजार. एवढे सगळे दरबारी नि मालगुजार होते, तर बांधीत धान कोण रोवत होतं, हे कोणी विचारत नाही. आमच्या काकाजींना मात्र चौथाच पूर्वज सापडला. त्यांचे पणजोबा इंग्रजांच्या अमलात मोहाच्या दारूची भट्टी चालवत. चोरून नव्हे, सरकारी लिलावात बोली लावून, मक्ता घेऊन, राजरोस.

घरात या पणजोबांची ओळख ‘जंगलातले ठेकेदार’ अशी होती. कशाचा ठेका, हे तीन पिढ्यांनी विचारलं नाही आणि काकूंच्या मते विचारायचं कारणही नव्हतं. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी. चंद्रपुरात 2015 च्या एप्रिलात बंदी आली आणि 2021 मध्ये उठली. अशा मुलखात नातीचं लग्न जमवायचं असताना पणजोबांची भट्टी बाहेर काढणारा माणूस घरात असावा, हे काकूंना प्रारब्ध वाटतं.

काकाजी तहसिलातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. ज्याला आवक क्रमांक नाही ते घडलंच नाही, हा त्यांचा इतिहासाचा सिद्धांत. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात 1909 च्या चांदा गॅझेटिअरच्या झेरॉक्स आणि मेजर लुसी स्मिथ यांच्या 1869 च्या बंदोबस्त अहवालाची पानं. या लुसी स्मिथबद्दल ते असे बोलतात, की जणू कालपर्यंत त्यांच्याच हाताखाली होते. ‘सायेब कडक, पण टिपण असं, की कोनी बोट दाखवू नये.’ बंदोबस्ताच्या मिसली, वाजिब-उल-अर्ज, खसरे, गावनकाशे हे सगळं ते वर्तमानपत्रासारखं वाचतात. वर्तमानपत्र मात्र वाचत नाहीत. त्यात शिक्का नसतो.

पणजोबांचा धंदा समजून घ्यायचा तर काकाजींकडेच बसावं. त्या काळी गावोगावच्या भट्टीचा लिलाव होई. मक्ता मिळाला की दारू गाळायचीही तिथंच आणि विकायचीही तिथंच. पुढे सरकारनं मोठ्या डिस्टिलरीतून दारू पुरवायला सुरुवात केली, 1915 मध्ये मध्य प्रांताचा आबकारी कायदा झाला, आणि पणजोबांसारख्यांची मडकी हळूहळू पालथी पडली. हे सांगताना काकाजींचा गळा दाटतो. स्वतः त्यांनी आयुष्यात थेंब चाखलेला नाही, आणि धंदा बुडाल्याचं इतकं दुःख मी कुठल्याही पिणाऱ्याच्या तोंडावर पाहिलेलं नाही.

खरी पंचाईत जागा शोधताना झाली. मक्ता वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर होता. 26 ऑगस्ट 1982 ला जिल्हा फुटला आणि निम्मे पणजोबा गडचिरोलीत गेले, म्हणजे पुढे बंदीत सापडले. आरमोरीकडच्या एका गावात काकाजींनी पारावरच्या म्हाताऱ्याला सरळ विचारलं, ‘आबा, इथली भट्टी कोठी होती वो?’

म्हातारा आजूबाजूला बघून म्हणाला, ‘जुनी बंद झाली बाप्पा. नवीचं मले मालूम नाई.’

‘मले जुनीच पायजे.’

‘जुनी पायजे म्हन्ता? थे महाग पडते.’

तेवढ्यात बचत गटाच्या बायका आल्या. काकाजींनी घाईघाईनं गॅझेटिअरच्या झेरॉक्स काढल्या. इंग्रजी कागद दिसताच हा आबकारीचा माणूस, अशी बातमी फुटली आणि गावातली चार-दोन पोरं सायकली टाकून जंगलाकडे पळाली. बायकांनी मग काकाजींना चहा पाजला आणि पळालेल्यांची नावं लिहून घ्यायला लावली. त्यांनीही सवयीनं अनुक्रमांक टाकून लिहिली.

त्यांचा भाचा कार्डिफला असतो. तो फोनवर सांगतो, की वेल्समध्ये लोक खापरपणजोबांचा पब सहज हुडकतात. दर दहा वर्षांच्या जनगणनेत नाव नि धंदा लिहिलेला, परवाना नोंदलेला, आणि नशीब असेल तर दारावर जुनी पाटीही लटकलेली. तिथंही बंदीचा इतिहास आहेच म्हणा. 1881 च्या कायद्यानं वेल्समधले पब रविवारी बंद झाले, आणि द्वायफोर नावाच्या शेवटच्या कोरड्या भागात हा रविवार 1996 पर्यंत टिकला. काकाजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘आठवड्यातून एक दिस? याले बंदी नाई म्हनत, याले साप्ताहिक सुटी म्हन्ते.’

मात्र माणसाचं डोकं चालतं, हे मान्य केलं पाहिजे. कागद संपले तेव्हा त्यांनी भट्टीचाच विचार केला. मोह गाळताना वाफ थंड करायला सारखं पाणी लागतं, म्हणजे जागा नाल्याकाठी. लाकूड जवळ हवं. आणि मोहाची झाडं जुनी, घेरदार. अशा खुणा धरून मोहफुलाच्या हंगामात, वाघाच्या भीतीनं घोळक्यानं जाणाऱ्या वेचणाऱ्यांसोबत पहाटे ते गेले. एका नाल्याच्या काठावर बांधीच्या धुऱ्याला त्यांना जळकी माती आणि जाड खापरांचा थर सापडला. मी म्हटलं, झालं की! तर म्हणाले, ‘खापरावर आवक क्रमांक कोठी आहे?’

तेव्हा ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, वडसा, आरमोरी इकडच्या वाचकांना विनंती. कोणाच्या माळ्यावर, जुन्या पेटीत आबकारीच्या मक्त्याची पावती किंवा लिलावाचा कागद असेल, तर काकाजींना दाखवा. मूळ प्रत नको, झेरॉक्स चालेल. आणि कृपा करून सोबत बाटली आणू नका; काकूच दार उघडतात.