आधी आडवे व्हा

योग सुरू करायचाय ना? मग पहिला महिना सूर्यनमस्कार राहू द्या. शीर्षासनाचं तर नावही काढू नका. सतरंजी अंथरा, पाठीवर आडवे व्हा आणि श्वास कुठपर्यंत पोचतो तेवढं बघा. कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला तर मी हे हात जोडून सांगेन. योगवर्गाच्या दारात तो येतो तेव्हा त्याचं शरीर आधीच पिळून निघालेलं असतं.

लोकलमधली चौथी सीट आठवा. तिघांच्या बाकावर चौथा टेकतो. जागा मिळाली म्हणून त्याला हायसं वाटतं, पण टेकलेली असते एकच बाजू. दुसरी अधांतरी, पाय पॅसेजमध्ये रोवलेला, कंबर तिरकी. उभा असेल तर एक हात कडीला, दुसरा छातीशी धरलेल्या सॅकवर आणि सगळा भार एका पायावर, कारण दुसरा पाय टेकवायला जागाच नसते. कल्याण ते सीएसएमटी हे अंतर पन्नास किलोमीटरहून जास्त. तासाभराहून अधिक सकाळी, तितकंच संध्याकाळी, अशी वर्षानुवर्षं. कडी धरणारा खांदा वर चढून बसतो, मांड्यांच्या मागचे स्नायू आखडतात, श्वास छातीच्या वरच्या वर घुटमळतो. अशा शरीराला रविवारी सकाळी उठवून एकदम बारा नमस्कार घालायला लावणं म्हणजे दुखणं विकत घेणं.

रथसप्तमीला 108 नमस्कारांचे संकल्प होतात. वर्षभर सराव असलेल्यांनी ते जरूर करावेत. कालच चटई आणलेल्याने त्या रांगेत उभं राहू नये. संयोजकांनीही त्याला उत्साहाच्या भरात तिथे ओढू नये. दुसऱ्या दिवशी त्याचं अंग ठणकतं, तिसऱ्या दिवशी चटई कपाटावर जाते आणि ‘योग आपल्याला झेपत नाही’ ही समजूत त्याच्या मनात कायमची घर करते. झेपत नव्हती ती घाई.

हे सांगायला मला हिमालयात जावं लागत नाही. ठाण्यात नौपाड्याला घंटाळी मित्र मंडळ आहे. अण्णा व्यवहारे यांनी तिथे सत्यानंद परंपरेतला योग रुजवला आणि ठाण्याच्या मध्यमवर्गीय घरांपर्यंत पोचवला. या परंपरेत सुरुवात होते ती पवनमुक्तासन मालिकेने, तीही पायाच्या बोटांपासून. पाय पसरून बसायचं, हात मागे टेकायचे. आधी फक्त बोटं पुढे-मागे. मग पाऊल. मग घोटा गोल. मग गुडघा. बघणाऱ्याला वाटतं, यात काय विशेष? करून बघा. एक घोटा सरळ फिरतो आणि दुसरा अर्ध्या वाटेत अडकतो. तोंड आवळलं जातं, श्वास रोखला जातो आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. ते लक्षात आणून देणारा शिक्षक खरा. ‘अजून थोडं वाका’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. ‘बास, इथेच थांबा’ म्हणणारा शोधावा लागतो.

ठाण्यातच निकम गुरुजींचं अंबिका योग कुटीर आहे. तिथला वर्ग विनामूल्य असतो, आठवड्यातून एकदा भरतो आणि शिकवणारे तिथेच शिकून तयार झालेले साधक असतात. आठवड्यातून एकदाच का, हा नवशिक्याचा पहिला प्रश्न. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते. मधले सहा दिवस तुमचे. घरी केलं नाहीत तर पुढच्या वर्गात तुमचं शरीरच ते सांगतं, शिक्षकाला रागवावं लागत नाही. टॉवरच्या क्लबहाउसमध्ये महिन्याचे हजारो रुपये मोजणाऱ्यांनी हे वर्ग एकदा बघून यावेत. फी जास्त म्हणजे शिकवणं चांगलं, हा हिशेब इथे चालत नाही.

आसनांची संख्या हाही असाच एक भ्रम. हठप्रदीपिकेत आसनं सांगितली आहेत फक्त पंधरा आणि त्यातली बरीचशी बसून करायची. 1905 साली मुंबईत नारायण घमंडे यांचं ‘योगसोपान पूर्वचतुष्क’ हे सचित्र मराठी पुस्तक निघालं, त्यात सदतीस. 1924 मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि योगक्रियांनी शरीरात नेमकं काय घडतं ते प्रयोगशाळेत तपासायला घेतलं. 1937 मध्ये पुण्यात आलेल्या बी. के. एस. अय्यंगारांनी पुढे खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळा आणि लोड आसनात आणले, म्हणजे ज्याचा हात जमिनीला पोचत नाही त्याच्यासाठी जमीनच वर आणली. हा सगळा वारसा आपल्या हाताशी असताना, मोबाइलवर कुणाचा तरी पाय मानेमागे गेलेला बघून आपण स्वतःला कमी लेखतो, याचा मला राग येतो.

आता कपालभाती. बागेत गेल्या गेल्या लोक भात्यासारखं पोट हलवायला लागतात. जुन्या ग्रंथांत ही क्रिया प्राणायामात नाही, शुद्धिक्रियांमध्ये आहे. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा गरोदरपण असेल तर ती करू नये. शीर्षासनाचंही तेच. काचबिंदू असलेल्याने डोकं खाली, पाय वर असं काहीही करायचं नसतं, डोळ्यातला दाब वाढतो. मणक्याची चकती सरकलेली असेल तर पुढे वाकण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. पहिल्याच दिवशी या दुखण्यांची चौकशी न करणाऱ्या वर्गात दुसऱ्या दिवशी जाऊ नका.

आणि दीर्घ श्वास घ्यायचा तर हवा कुठली? डोंबिवलीत 2014 च्या जानेवारीत हिरवा पाऊस पडला, 2020 च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. त्या बाजूच्या वस्त्यांत पहाटेचा उग्र वास लोकांना पाठ आहे. अशा हवेत गच्चीवर प्राणायाम करू नका. वास येत असेल त्या दिवशी खिडकी लावून नुसतं शवासन करा. आणि हवेची तक्रार करायची ती आळस न करता करा. एकवीस जूनला योगदिनाच्या व्यासपीठावर बसून प्राणायामाचे फायदे सांगणाऱ्या पुढाऱ्यांना तिथेच, त्याच दिवशी, या हवेबद्दल विचारलं पाहिजे.

सगळ्यात जास्त चीड मला ‘पहाटेच करा’ या हट्टाची येते. हा सल्ला देणाऱ्याने पहाटेचा डबा कधी भरलेला नसतो. सव्वासातची लोकल पकडणाऱ्या बाईच्या घरात साडेचारला कणीक मळली जाते. घरच्यांना डबे देऊन मागे राहणाऱ्या बाईचीही पहाट तीच असते. तिला ब्राह्ममुहूर्ताचं महत्त्व सांगू नये. जेवणानंतर तीन-चार तास गेले की पोट हलकं असतं आणि अभ्यासाला तेवढं पुरतं. दुपारी बाराला जेवलेल्या बाईला चारची वेळ उत्तम. नोकरी करणारीला संध्याकाळी घरी आल्यावर, स्वयंपाकाला लागण्याआधी वीस मिनिटं मिळाली तरी चालतील. फक्त त्या वीस मिनिटांत ‘आई, चहा’ अशी हाक येता कामा नये. चहा घरातल्या दुसऱ्या कुणीतरी टाकावा.

राहिली जागा. एका माणसाला लागते सहा फूट बाय दोन फूट. वन-बीएचकेत सोफा, कपाट आणि मुलाचं अभ्यासाचं टेबल आलं की तेवढीही उरत नाही. पण सोसायटीचा हॉल असतो. हळदीकुंकू, बारसं, वार्षिक सभा सोडली तर तो बंद असतो आणि दुपारी चार वाजता हमखास बंद असतो. त्याची किल्ली वर्गाला द्यायची नाही, दिली तर भाडं लावायचं, अशी समितीची रीत असते. ही रीत मोडायला हवी. चौथ्या मजल्यावरच्या आजींना गुडघे घेऊन स्टेशनजवळच्या वर्गापर्यंत जाणं जमत नाही. तळमजल्यावरच्या हॉलपर्यंत त्या येतील. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत हे घालून घ्या. साध्या कागदावर अर्ज लिहा, दहा-बारा जणांच्या सह्या घ्या आणि सचिवांच्या हातात देऊन पोच घ्या.