तोफगोळा कसे व्हावे?

महाराष्ट्रात तोफ व्हायला निघालेल्यांची कधीच टंचाई नव्हती. प्रत्येक पक्षाकडे एखादी मुलुखमैदान तोफ असते, ती कुठे ना कुठे धडाडत असते, आणि मतदान संपण्याच्या ४८ तास आधी कायद्यानेच सगळ्यांना गप्प बसवलं की दुसऱ्या दिवशी पेपरात ‘प्रचाराच्या तोफा थंडावल्या’ असा मथळा येतो. इतक्या तोफांना गोळे लागतात, ते कुठून येतात, याचा विचार मात्र कोणी करत नाही. होतकरू गोळ्यांना कसलंही मार्गदर्शन मिळत नाही. बिचारे नळीत शिरतात, बत्ती लागते, आणि मग कळतं की आपण नक्की काय पत्करलं होतं. ही उणीव भरून काढण्यासाठी सदर मार्गदर्शिका.

सर्वांत आधी नावाचा मोह सोडावा. विजापूरच्या शेर्झा बुरुजावर मलिक-ए-मैदान आहे. आपण जिला मुलुखमैदान म्हणतो ती हीच. १५४९ मध्ये ती अहमदनगरला ओतली, पुढे परांड्याच्या किल्ल्यात राहिली आणि १६३२ मध्ये विजापूरला गेली. वजन सुमारे ५५ टन. तोंड सिंहाचं, आणि त्या जबड्यात चिरडला जाणारा हत्ती. १८५४ मध्ये इंग्रजांनी तिचा लिलाव पुकारला तेव्हा बोली १५० रुपयांच्या वर जाईना, पण तेवढा अपमानसुद्धा तिच्या नावानिशी नोंदवला गेला. जंजिऱ्यावर कलालबांगडी आहे, देवगिरीवर मेंढा आहे. आता यांतल्या एका तरी गोळ्याचं नाव सांगा. आठवायचा प्रयत्न करू नका, नाहीच आहे. तोफेला बारसं, इतिहास, शिलालेख आणि तिच्यावर पाय टाकून फोटो काढणारे पर्यटक. गोळ्याला फार तर संग्रहालयात काचेमागे ‘तोफगोळे (लहान-मोठे)’ अशी चिठ्ठी. हे ज्यांना जमणार नाही त्यांनी सरळ नगरसेवकपदाचं तिकीट मागावं.

आता शारीरिक पात्रता. गोळा गोल असावा हे कोणीही सांगेल; खरी गोम मापात आहे. एखाद्या गडावरच्या संग्रहालयात बिडाचा गोळा हातात घेऊ दिला तर जरूर घ्या. दहा सेंटिमीटर व्यासाचा गोळा पावणेचार किलोच्या आसपास भरतो, मनगटाला लगेच कळतं. गंज जरा कमी असेल तिथे बोट फिरवलं की पोटावरून गेलेली एक बारीक उभार रेघ लागते. साच्याचे दोन अर्धे जिथे जुळले, तिथली ती शिवण. ही शिवण तासून घ्यायचं कारण असं की गोळा तोफेच्या नळीपेक्षा किंचित लहानच असावा लागतो. मोठा असेल तर आत जात नाही, हे ठीक. पण अगदी तंतोतंत बसणारा गोळा आणखी धोक्याचा. तो मध्येच अडकला तर तोफच फुटते आणि आधी मरतो तो गोलंदाज. म्हणून जुने गोलंदाज दोन-तीन सूत जागा मोकळी ठेवत. थोडा धूर वाया जायचा, नेम थोडा हुकायचा, पण तोफ शाबूत राहायची. इच्छुकांनी यातून घ्यायचं ते घ्यावं. साहेबांच्या मापाला आपण नेहमी दोन सूत कमी असावं. साहेबांइतकं अचूक बोलणारे, साहेबांइतकी गर्दी जमवणारे कितीतरी गोळे आजवर नळीच्या बाहेरच पडून आहेत.

निवड झाल्यावर लगेच कोणी उडवत नाही. आधी रचून ठेवतात. गोळ्याच्या आयुष्याचा सर्वांत मोठा भाग हा रचलेल्या अवस्थेत जातो आणि या अवस्थेवर माणसाने जेवढं डोकं चालवलंय तेवढं उडण्यावरही चालवलेलं नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीला सर वॉल्टर रॅली याने आपला गणिती टॉमस हॅरियट याला विचारलं, जहाजावर गोळ्यांचा ढीग बघून त्यात किती गोळे आहेत हे कसं सांगायचं? हॅरियटने तो विषय केप्लरपर्यंत पोचवला. केप्लरने १६११ मध्ये लिहून टाकलं की खालच्या थरातल्या खाचेत वरचा गोळा बसवत जा, याहून दाट रचना होणं नाही. हे मंडईतल्या कुठल्याही मोसंबीवाल्याला ठाऊक असतं, पण गणिताला पुरावा लागतो. तो टॉमस हेल्स याने १९९८ मध्ये दिला, आणि त्यात कुठे चूक नाही ना हे संगणकाकडून ओळीओळीने तपासून घ्यायला २०१४ उजाडलं. निष्कर्ष असा की कितीही दाटीवाटीने रचलं तरी ढिगातली जवळजवळ २६ टक्के जागा रिकामीच राहते. मेळाव्याच्या गर्दीचे आकडे सांगणाऱ्यांनी हे टिपून ठेवायला हरकत नाही.

ढीग मोजण्याची रीत मात्र आपल्याकडे फार आधीची. आर्यभटाने ४९९ मध्ये आर्यभटीयात थरावर थर चढत जाणाऱ्या राशीची संख्या आणि वर्गांची बेरीज, दोन्ही सूत्रांत बांधून दिली. दहीहंडीचा जन्म व्हायच्या कितीतरी आधी थरांचा हिशेब पक्का झाला होता. त्याच हिशेबातून निघालेलं एक कोडं आयोजकांच्या फार उपयोगाचं आहे. समजा तुमच्याकडे ४९०० कार्यकर्ते आहेत. सभेच्या वेळी त्यांना मैदानावर ७० रांगांत ७०-७० असं बसवा. ड्रोनमधून नेटका चौकोन दिसेल. सभा संपल्यावर त्यांचाच चौकोनी मनोरा रचा, सर्वांत खाली २४ गुणिले २४ आणि सर्वांत वर एक. बरोबर २४ थर होतात आणि एकही माणूस उरत नाही. एकट्या गोळ्याचा क्षुल्लक अपवाद सोडला तर असं जमणारी दुसरी संख्याच नाही, हे १९१८ मध्ये सिद्ध झालंय. वरच्या एकाचं नाव पेपरात येतं. खालच्या ५७६ जणांना खांदेदुखी.

रचून राहण्याचा कंटाळा आला की लोक सर्कसकडे वळतात. या शाखेची आद्य उमेदवार झाझेल. खरं नाव रोझा माटिल्डा रिख्टर, वय चौदाच्या आसपास. १८७७ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या रॉयल अक्वेरियममध्ये तिला तोफेतून उडवण्यात आलं. उडवणारा फारिनी हा स्वतः नायगाऱ्यावर दोरीवरून चालून आलेला माणूस, त्यामुळे दुसऱ्याच्या जिवाबद्दल निर्धास्त. यातली व्यवसायाची गुपितं इच्छुकांनी समजून घ्यावीत. पोरीला उडवत होती ती स्प्रिंग. दारू फक्त आवाजाला आणि धुराला. दीडशे वर्षांत यंत्रं सुधारली, पण हा नियम अजून कायम आहे: ढकलणारी गोष्ट वेगळी, धडाडणारी वेगळी, आणि लोक टाळ्या वाजवतात त्या धडाडणाऱ्या गोष्टीला. या धंद्यातला डेव्हिड स्मिथ ज्युनियर याचा २०११ मधला मिलानचा विक्रम ५९.०५ मीटरचा आहे, म्हणजे क्रिकेटच्या जवळजवळ तीन खेळपट्ट्या. तिथे मात्र खाली जाळं असतं. झाझेलला पुढे अमेरिकेत मोठा अपघात होऊन पाठीचा कणा मोडला, तो तोफेमुळे नाही, दोरीवरून पडून. गोळ्याने आपला धंदा सोडून दुसऱ्याच्या धंद्यात जाऊ नये.

काहींची महत्त्वाकांक्षा याहून वरची असते. त्यांना चंद्र हवा असतो. ज्यूल व्हर्नने १८६५ च्या कादंबरीत फ्लोरिडात नऊशे फूट लांबीची तोफ जमिनीत पुरून तिच्यातून तिघांना चंद्राकडे पाठवलं. गोष्ट झकास आहे, हिशेब करू नये. कारण नऊशे फुटांत सेकंदाला अकरा किलोमीटरचा वेग गाठायचा तर शरीरावरचा भार नेहमीच्या वीस हजार पटींहून जास्त होतो. सत्तर किलोचा उमेदवार सुटताक्षणी दीड हजार टनांचा होईल, आणि तोही फार थोडा वेळ. न्यूटनचा गोळा जास्त सुखी. त्याने एक उंच डोंगर कल्पिला, त्यावर तोफ ठेवली आणि म्हणाला, वेग वाढवत जा. एका वेगाला गोळा पडतच राहील पण जमिनीला कधी लागणार नाही. सेकंदाला सुमारे आठ किलोमीटर. आज आपले उपग्रह त्याच रीतीने फिरतात. सतत पडत राहायचं आणि तरी वरच दिसायचं, हे अनेक महामंडळांच्या अध्यक्षांनाही साधलेलं आहे.

राजकीय शाखेत जाणाऱ्यांनी मात्र पाठ्यपुस्तक म्हणून बॅरन मुंचहाउझेनच वाचावा. या नावाचा एक खराखुरा जर्मन सरदार होता. रास्पे नावाच्या लेखकाने १७८५ मध्ये त्याच्या नावावर थापांचं पुस्तक इंग्लंडात छापलं. त्याच्या पुढे निघालेल्या जर्मन आवृत्तीत हा बॅरन शत्रूच्या किल्ल्यात हेरगिरी करायला सुटलेल्या तोफगोळ्यावर घोड्यासारखा बसून निघतो. अर्ध्या वाटेत त्याला शंका येते की आत गेलो तर जाईन, पण परत कसा येणार? तेवढ्यात समोरून शत्रूचा गोळा येत असतो. बॅरन हवेतच या गोळ्यावरून त्या गोळ्यावर उडी मारतो आणि सुखरूप घरी. पुस्तकाला दोनशेहून जास्त वर्षं झाली. ते थापांचं पुस्तक होतं हे आता सांगूनही कोणाला पटणार नाही. यात दोन्ही गोळ्यांचं पुढे काय झालं हे बॅरन सांगत नाही. सांगायची पद्धतही नाही.

ज्यांना आवाज, धूर, प्रवास यांतलं काहीच नको, केवळ दबदबा हवा, त्यांनी कैलासपतीचं तोफगोळ्यासारखं फळ व्हावं. हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, पण फुलात शिवलिंग आणि वर नागाचा फणा दिसतो म्हणून आपण त्याला थेट देवळाच्या आवारात घेतलं. फुलं आणि फळं फांद्यांना लागत नाहीत, खोडाला लटकतात. फळ तपकिरी, टणक, माणसाच्या डोक्याएवढं, पिकायला वर्षभर किंवा त्याहून जास्त घेणारं. फुलाचा वास स्वर्गीय आणि पडून फुटलेल्या फळाचा असा की पुजारीही प्रदक्षिणा आखडती घेईल. वर्षभर काही न करता नुसतं लटकून खालच्या प्रत्येकाला मान वर करायला लावणं हे कोणत्याही लष्करी गोळ्याला जमलेलं नाही. स्कूटर त्याखाली लावू नये.

आता राहिली ती एकमेव शाखा, जिथे तोफ लागत नाही, साहेब लागत नाही आणि गोळ्याला पुन्हा वर येता येतं. विहीर. मे महिन्यात गावी विहिरीच्या काठावर ही परंपरा अजून जिवंत आहे. पाठीला डबा किंवा वाळका भोपळा बांधलेले शिकाऊ कडेकडेने हात मारत असतात, शहाणी मुलं सूर मारतात, आणि मग एक जण थारोळ्यावर चढतो, दोन पावलं मागे सरतो, ‘सरका रे’ म्हणून ओरडतो आणि हवेत अंगाचं मुटकुळं करतो. गुडघे पोटाशी, हात गुडघ्यांभोवती, हनुवटी छातीला. मुटका. पाच मीटरवरून पडायला साधारण एक सेकंद लागतो आणि पाण्याला भिडताना वेग ताशी ३५ किलोमीटर असतो. सूर मारणाऱ्याला पाणी वाट करून देतं. मुटक्यावाल्याला ते आधी अडवतं, मग नाइलाजाने बाजूला होतं. काठावर वाळत घातलेले सगळे कपडे भिजतात. यात कला सगळी त्या कपड्यांपर्यंत पाणी पोचवण्याची आहे.

पाणी उडतं कसं, हे बघायचं असेल तर वर्दिंग्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाला दुवा द्या. त्याने विजेच्या ठिणगीच्या उजेडात पडणाऱ्या थेंबांची आणि गोळ्यांची छायाचित्रं काढली आणि १९०८ मध्ये नुसत्या शिंतोड्यांवर पुस्तक लिहिलं. गोळा पाण्यात शिरला की मागे हवेची पोकळी उरते. ती पोकळी चहूबाजूंनी मिटताना मधलं पाणी चेपलं जातं आणि उभ्या धारेने वर उसळतं. म्हणजे पहिला शिंतोडा उडीचा, पण उंच कारंजं उडतं ते तुम्ही आत गेल्यानंतर. न्यूझीलंडच्या माओरी पोरांनी हे पुस्तकाशिवाय ओळखलं. त्यांची ‘मानू’ उडी गोल नसतेच. ते धड आणि पाय यांचा व्ही आकार करून बुडाने पाण्याला भिडतात आणि आत शिरताच पाठ मागे टाकून पाय ताणतात. पोकळी मोठी होते, धार उंच जाते. आता तिथे याच्या स्पर्धा भरतात, आणि २०२५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मोजून सांगितलं की व्हीचा कोन ४५ अंशांच्या आसपास असेल तर पाणी सर्वांत उंच उडतं. आपल्या मुटक्यात पाणी बाजूला जास्त आणि वर कमी जातं. काठावरच्यांना भिजवायचं असेल तर मुटकाच बरा. वरून बघणाऱ्याला दिपवायचं असेल तर मानू शिकावी.

विजापूरला असंही सांगतात की मलिक-ए-मैदान उडवणारा गोलंदाज बत्ती देऊन शेजारच्या पाण्याच्या हौदात उडी घ्यायचा आणि आवाज विरेपर्यंत आतच बसायचा. खरं असेल तर त्या बुरुजावर शहाणा तोच एक.

इच्छुकांना शेवटची सूचना. विहिरीत पाणी किती आहे ते मे महिन्यात आदल्या वर्षीच्या आठवणीवर ठरवू नका. आधी शिडीने किंवा पायऱ्यांनी उतरून तळ चाचपा, खाली मोटरचा पाइप आणि केबल कुठे आहे ते बघा, आणि पोहता येत नसेल तर काठावर बसून कपडे राखा. खाली कोणी असेल तर तो बाजूला झाल्याशिवाय उडी मारायची नाही.