गोधडीची मोटार

बर्लिनला भाचीकडे गेलो होतो. तिसऱ्या दिवशी भर रस्त्यात नाकाला ओळखीचा वास आला, जळक्या ऑइलमिश्रित पेट्रोलचा. पाठोपाठ फटफटाट ऐकू आला आणि चार बुटक्या मोटारी बदकांच्या पिल्लांसारख्या एकीमागे एक, निळा धूर सोडत चौकातून गेल्या. आत पर्यटक खिदळत होते. "मामा, ही ट्रबांट. पैसे भरून चालवायला मिळते," भाची म्हणाली. मी मात्र आमच्या वाड्याच्या अंगणात, तात्यांच्या राजदूतपाशी जाऊन पोचलो होतो.

ही नुसती नाकाची भानगड नव्हे, गोत्रच एक. राजदूत मूळची पोलंडची. तिथल्या एसएचएल एम-११ या मोटरसायकलवरून एस्कॉर्ट्सने १९६२ साली ती इथे काढली. तिच्या थोडी आधी जावा चेकोस्लोव्हाकियाहून म्हैसूरला नांदायला आलेली. तिला सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन, म्हणजे एका चुलीला दोन धुराडी! समाजवाद आपल्याकडे किती झिरपला ते अर्थतज्ज्ञ सांगोत. आमच्याकडच्या दूधवाल्यांच्या मांडीखाली तो नक्की होता, दोन्ही अंगांना किटल्या अडकवून.

ट्रबांट जन्मली पूर्व जर्मनीतल्या झ्विकाऊला, १९५७ साली. रशियाने स्पुटनिक सोडला ते हेच वर्ष, म्हणून नावही उपग्रहाचंच ठेवलं. इंजिन दोन सिलिंडरांचं, टू-स्ट्रोक; पुढच्या ६०१ मॉडेलला ताकद २६ अश्वशक्ती. नावाच्या मानाने जरा बेतानेच. पण खरी गंमत तिच्या अंगात आहे. पोलादी पत्र्याची टंचाई होती. मग कापसाचा टाकाऊ भाग सोव्हिएत युनियनमधून आणायचा, त्याचे थर रचायचे, कृत्रिम राळेत मुरवून तापलेल्या साच्यात दाबायचे आणि त्याचे दरवाजे, बॉनेट, मडगार्ड करायचे. सांगाडा लोखंडाचा, अंग कापसाचं. जर्मन लोक तिला पुठ्ठ्याची म्हणून हिणवत. त्यांना गोधडी ठाऊक नाही, त्याला आपण काय करणार? जुनेर थरावर थर घालून आयुष्यभर पुरेल असं काही करणं ही आमच्या आजीची विद्या. ती झ्विकाऊच्या इंजिनिअरांना सुचली एवढंच. अंग गंजायचं नाही. मोडीत काढल्यावर वितळायचंही नाही, हा मात्र पुढे ताप झाला.

शिवाय ही गोधडी सहजी मिळत नसे. नाव नोंदवून दहा-बारा वर्षं थांबावं लागे. त्यामुळे वापरलेली गाडी नव्याहून महाग जाई, कारण ती आज मिळे. मला याचं नवल वाटलं नाही. आमच्या काकांनी स्कूटरला नंबर लावला तेव्हा ते ब्रह्मचारी होते. स्कूटर दारात आली तेव्हा पुढे उभं राहायला एक आणि काकूंच्या मांडीवर एक अशी दोन पोरं तयार होती. इतकी वाट पाहून आलेल्या वस्तूला माणूस नावं ठेवत नाही. तिची पूजा करतो आणि दुसऱ्या दिवसापासून पाना घेऊन तिच्या पोटात शिरतो.

तात्या रोज शिरत. प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारायची. तरी किक बसली नाही की गाडीला समजावायचे. तेही नाही जमलं तर आम्हा पोरांना धक्क्याला बोलवायचे. पेट्रोल किती उरलं हे सांगणारा काटा नव्हता. तात्या राजदूत गदागदा हलवत आणि टाकीला कान लावत. "डुचमळतंय. तालुक्यापर्यंत जाईल," असा निकाल यायचा. तो बहुधा अलीकडच्या ओढ्यापाशी खोटा ठरायचा.

९ नोव्हेंबर १९८९ला भिंत उघडली आणि ट्रबांटी धुरासकट पश्चिमेत शिरल्या. तिथल्या चकचकीत गाड्या पाहून धनी लवकरच बदलले. कित्येकांनी आपली ट्रबांट रस्त्याकडेलाच सोडली. १९९१मध्ये कारखान्यातून शेवटची गाडी बाहेर पडली.

भाचीने हौसेने तिकीट काढलं. गाडीवाल्या तरुणाने बॉनेट उघडलं. पेट्रोलची टाकी तिथेच, इंजिनच्या बाजूला जरा वर. पंप नाही, पेट्रोल आपलं आपण खाली उतरतं. टाकीचं झाकण काढून त्याने एक खुणा केलेली पट्टी आत बुडवली, वर काढली आणि ओल कुठवर आली ते आम्हाला दाखवलं. तो कौतुकाची वाट पाहत होता.

मी मडगार्डला हात घातला, गाडी गदागदा हलवली आणि टाकीला कान लावला.

"मामा!" भाची ओरडली.

"थांब जरा," मी म्हणालो, "ऐकू दे."