लोखंडी पत्र्यावरची झोप

ऑगस्ट 1983. पुण्यातली भारत फोर्ज कंपनी. सकाळी 11 वाजून 40 मिनिटांनी एक मदतनीस कामगार लोखंडी पत्र्यावर गाढ झोपलेला सापडला. पुण्यात दुपारच्या झोपेला प्रतिष्ठा आहे, पण ती एक ते चार. हा गडी तब्बल ऐंशी मिनिटं आधी!

त्याच्या नावावर आधीच्या तीन गैरवर्तनांची नोंद होतीच. मग रीतसर आरोपपत्र, खात्यांतर्गत चौकशी, बडतर्फी.

प्रकरण कामगार न्यायालयात गेलं. चौकशी योग्य ठरली, झोपही शाबीत झाली. शिक्षा मात्र फार कडक वाटली. महाराष्ट्राच्या 1971च्या कायद्यात अशा शिक्षेला आव्हान देण्याची सोय आहे. किरकोळ गैरवर्तनाला धक्का बसावा इतकी जबर शिक्षा देणं, ही मालकाने केलेली 'अनुचित कामगार प्रथा'. धक्का नेमका किती शिक्षेला बसावा, याचं माप कायद्याने दिलेलं नाही. ते ज्याच्या त्याच्या न्यायासनावर सोडलंय. त्यामुळे कामगार न्यायालयाला बसलेला धक्का औद्योगिक न्यायालय, उच्च न्यायालय असा प्रवास करत दिल्लीला पोहोचला आणि निकाल लागेपर्यंत जानेवारी 2005 उजाडला. सर्वोच्च न्यायालयाला तो मुळीच बसला नाही. बडतर्फी कायम. एका डुलकीच्या हिशेबाला एकवीस वर्षांहून अधिक काळ लागला. (एवढ्या काळात झोपेचं कर्ज फिटलं असतं.)

पुढच्याच महिन्यात महिंद्र अँड महिंद्रचा खटला निकालात निघाला. तिथला कामगार टक्क जागा होता, पण वरिष्ठाला शिव्या देत होता. त्याचीही बडतर्फी कायम झाली.