सहावं अणुव्रत

सांगलीच्या मार्केट यार्डात अण्णांचं हळदीचं अडत दुकान. जैन गृहस्थाची पाचही अणुव्रतं ते काटेकोर पाळतात. नळाला फडकं, कांदा-बटाटा उंबऱ्याबाहेर, जेवण दिवस मावळायच्या आत. खातेवहीवर मुंगी चढली तर ती उतरेपर्यंत हिशेब बंद. (पैसे द्यायचे असले की मुंग्या जरा सावकाश चालतात, असं आमचे मामा म्हणतात.)

11 मे 1998, बुद्धपौर्णिमा. पोखरणला स्फोट केल्याचं वाजपेयींनी संध्याकाळी जाहीर केलं आणि अण्णांनी पोराला पेढे आणायला पिटाळलं. पोरगं परतलं तेव्हा सूर्य अगदी टेकलेला. अण्णांनी पश्चिमेकडं नजर ठेवून पेढा तोंडात टाकला, घाईनं चूळ भरली. हमालांनी फटाक्यांची माळ काढली, तर धावले, "माळ नको रे! किडामुंगी मरते."

मामा त्या दिवशी तिथंच होते. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे, निवृत्त सुभेदार, 71 चं युद्ध बघितलेले, गळ्यात तुळशीची माळ. म्हणाले, "आणि बाँबनं काय मरतं वो, अण्णा?"

"तो फोडायचा न्हाई सुभेदार, नुसता ठिवायचा. ठिवण्यात कसली हिंसा?"

पुढच्याच वर्षी अणुधोरणाचा मसुदा आला: आपण आधी वापरणार नाही. अण्णांना जणू शास्त्राधारच मिळाला. आता निःशस्त्रीकरणालाही त्यांची ना नाही. फक्त सुरुवात अमेरिकेनं करावी, मग रशियानं, मग चीननं, पाकिस्ताननं. सांगलीचा नंबर आला की ते बघतील.

मामांनी एकदा अपरिग्रह काढला. पाचवं व्रत, साठा करू नये. अण्णा डगमगले नाहीत. "हरिपूरच्या पेवात तुमचीच हळद हाय की. जमिनीत गप पडलीय. चावती का कुणाला?"

"चावत न्हाई," मामा म्हणाले. "पण पेव उघडलं की आदी कंदील सोडता. का सोडता?"

अण्णा गप्प. पेवात कोंडलेल्या हवेनं माणूस जातो, हे यार्डात शेंबडं पोरही जाणतं. कंदील विझला तर गडी मागं.

"बरं, ते ऱ्हाऊ द्या. माझी पट्टी तेवढी करा," मामा म्हणाले.

अण्णांनी वही उघडली. पानावर मुंगी होती.