नसलेल्या भोकाची दुरुस्ती

कार्बोरेटर गळत असला की मिस्त्रीला मनातून आनंद होतो. गळतीला कारण असतं, कारणाला सुटा भाग असतो आणि सुट्या भागाला किंमत असते. माझ्या वडिलांच्या मोटरसायकलच्या कार्बोरेटरनं हा आनंद आमच्या मिस्त्रीला मिळू दिला नाही. कुठं भोक नाही, चीर नाही, थेंब टपकत नाही. तरी सकाळी बघावं तर फ्लोट चेंबर खालून ओला.

गाडी म्हैसूरच्या कारखान्यातली की फरीदाबादच्या, हे मी सांगणार नाही. सांगितलं की दुसऱ्या कारखान्याचे भक्त घरी येऊन ‘तरीच!’ म्हणतात आणि बुलेटवाले दोघांनाही हसून चहा पिऊन जातात. ती टू-स्ट्रोक आहे, एवढं पुरे. टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये ऑईल मिसळलेलं असतं. झिरपलेलं पेट्रोल उडून जातं, ऑईल मागं राहतं आणि त्यावर बुलढाण्याची धूळ बसते. म्हणजे गुन्हेगार फरार, पण पुरावा रोज ताजा.

शेजारचे काका निवृत्त आहेत. कुठल्या खात्यातून ते सोडा. त्यांनी चष्मा लावून चेंबर न्याहाळला आणि म्हणाले, “हा पाझर तलाव आहे. आम्ही जन्मभर पाझर तलाव बांधले, पण इतका इमानदारीनं एकही पाझरला नाही.”

मिस्त्री मूळचा घाटाखालचा. माणूस सज्जन. त्यानं आधी नेहमीचे संशयित गाठले. फ्लोटची सुई झिजली का, पितळी फ्लोट कानाशी हलवल्यावर आत पेट्रोल खुळखुळतं का, पॅकिंग फाटलं का, नळीच्या बोल्टखालचे फायबर वॉशर चपटे झाले का. सगळे निर्दोष सुटले. तेव्हा तो चेंबर हातात धरून म्हणाला, “सर, भोक असतं त बुजवलं असतं. जे हायेच नाई, ते बुजवू कसं?”

अशा वेळी जुनी परीक्षा एकच. चेंबर धुऊन कोरडा करायचा, बाहेरून खडूची पूड चोपडायची आणि आत रॉकेल भरून ठेवायचं. खडूची माझ्याकडे ददात नाही. मास्तरकीची तीच खरी कमाई. रॉकेल मिळवायला मात्र ओळखी काढाव्या लागल्या. तासाभरात पांढऱ्या खडूवर खालच्या बाजूला ओले ठिपके उमटू लागले. धातूच सच्छिद्र निघाला.

त्या काळच्या कित्येक कार्बोरेटरांचा धातू म्हणजे जस्त, त्यात साधारण ४ टक्के ॲल्युमिनियम आणि इतर किरकोळ मंडळी. न्यू जर्सी झिंक कंपनीनं १९२९ च्या सुमारास ही मिश्रधातूंची घराणी बसवली आणि पुढं खेळण्यातल्या मोटारींपासून दारांच्या मुठींपर्यंत सगळीकडं त्यांचा संचार झाला. वितळलेला धातू पोलादी साच्यात प्रचंड दाबानं, निमिषात मारतात. घाईत हवा आतच अडकते. थिजताना धातू आकसतो, त्यानंही पोकळ्या राहतात. पण साच्याला टेकलेला बाहेरचा पापुद्रा आधी थिजतो आणि घट्ट होतो. तो शाबूत असेतो आतली भानगड बाहेर येत नाही.

आता आमच्या घरचा दसरा. वडील गाडी धुऊन, हार घालून थांबणाऱ्यांतले नव्हते. दर खंडेनवमीला कार्बोरेटर झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून ते त्यात स्वतःचा चेहरा बघत. वर्षानुवर्षांच्या या भक्तीनं पापुद्रा गेला आणि बारीक छिद्रं उघडी पडली. चेहरा मात्र शेवटपर्यंत स्वच्छ दिसायचा.

उपाय सुचवायला गावाला निमंत्रण लागत नाही. पहिला उपाय साबणाचा. पेट्रोलची टाकी वाटेत गळली तर अंगाचा साबण चोळायचा, ही विद्या जुन्या ड्रायव्हर लोकांची. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून ती खरीही आहे. पाण्यात मात्र विरघळतो. मलकापूरकडं उतरताना राजूर घाटात पावसानं गाठलं आणि माझ्या इंजिनाला फेस आला. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानं आदरपूर्वक अंतर ठेवलं.

मग दोन गोळ्या एकत्र मळून लावायची इपॉक्सी झाली. ती बाहेरून लावली, आणि पेट्रोल येतं आतून. थोड्याच दिवसांत मागून ढकलून ढकलून त्यानं ती अख्खी चकती खाली पाडली. एक वेल्डिंगवाला ‘पितळेचं ब्रेझिंग मारून देतो’ म्हणत गॅसची तोटी पेटवू लागला. हा धातू ३८० ते ३९० अंशांना पाणी होतो आणि पितळेची कांडी वितळायला ९०० च्या आसपास जावं लागतं. मिस्त्रीनं त्याला अडवलं. “सर, मंग चेंबर वाटीत घालून घरी न्या लागन.”

लाखेची कल्पना खामगावच्या एका चांदीच्या कारागिराची. खामगावची चांदी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक, आणि या धंद्यातल्या माणसाला लाख कशी वागते ते शिकवावं लागत नाही. सल्ला अडाणीही नव्हता. जुन्या गाड्यांतले बुचाचे फ्लोट लाखेचा हात देऊनच पेट्रोलात सोडत. लाख पेट्रोलला दाद देत नाही, ती वश होते स्पिरिटला. स्पिरिटमध्ये विरघळवून आतून दोन हात दिले, सुकवले. चेंबर ठणठणीत कोरडा राहिला. मग मी पंपावर जाऊन टाकी भरली.

आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल म्हणजे स्पिरिटच. लाख गुपचूप विरघळून जेटमध्ये जाऊन बसली आणि गाडी चिखली रस्त्यावर बंद पडली. यातला खरा विनोद असा, की हल्ली इथेनॉल मक्यापासूनही करतात आणि गेल्या हंगामात आमच्या शेतातला मका मीच हसतमुखानं व्यापाऱ्याला घातला होता.

शेवटी भाचा धावून आला. तो वाळूजला नोकरी करतो. “मामा, आमच्याकडं नव्या गाड्यांचे कास्टिंगही असेच झिरपतात. लाजायचं काय त्यात?” त्यानं सांगितलेली रीत अशी: भाग धुऊन वाळवायचे, टोपलीत भरून बंद टाकीत ठेवायचे आणि आतली हवा खेचून घ्यायची. छिद्रांतली हवासुद्धा निघते. मग पातळ रेझिन सोडायचं, वरून दाब द्यायचा. रेझिन छिद्रांत शिरतं. वरवरचं धुऊन भाग ९० अंशांच्या पाण्यात बुडवले की छिद्रांत शिरलेलं तिथंच कडक होतं. दाखवायला टाका नाही, ठिगळ नाही, मापात काडीचा फरक नाही. नसलेलं भोक बुजवायचं म्हटलं तर दिसणार नाही असंच काहीतरी भरावं लागणार, हे मिस्त्रीलाही पटलं.

अडचण एकच. तिथं दर टोपलीचा, नगाचा नाही. एक चेंबर टाका की शंभर, पैसे तेवढेच. मी आसपासच्या जुन्या गाड्यांच्या मालकांना निरोप धाडले. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावावाले आपला दिवस साजरा करतात, तेव्हाही एवढी मंडळी माझ्या ओसरीवर जमली नसती. देऊळगाव राजाहून एक कार्बोरेटर आला, मेहकरहून दोन. नांदुऱ्याच्या एका शेतकऱ्यानं फवारणी पंपाची बॉडी आणली, काकांनी नळाची तोटी. प्रत्येकाला आपलीच वस्तू सच्छिद्र वाटू लागली. सगळं पोत्यात भरून भाच्याच्या कारमधून सिंदखेडराजाहून समृद्धी महामार्गानं रवाना झालं. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, कार्बोरेटरला नाही. आमच्यानं ताशी १२० चा वेग पहिल्यांदा अनुभवला तो मागच्या सीटवर.

आठवड्यानं भाच्याचा फोन आला. “मामा, तुमचं काम झालं. कोरडा खडखडीत. पण पोत्यात एक प्रेशर कुकर निघाला.”

मी शेजारच्या काकूंकडं पाहिलं. त्या पापड वाळत घालत होत्या.

“त्याच्यात काही दोष नाही,” भाचा म्हणाला, “रिंग गेलीय फक्त.”

मी निरोप काकूंना पोचवला. त्यांनी हातातला पापड खाली ठेवला. “मग टाक म्हणावं रिंग. टोपलीचे पैसे घेतलेत ना?”