‘पोट दाबा’ म्हणणाऱ्यांचं काय करावं : होतकरू जीवरक्षकासाठी काही सूचना

अभिनंदन. तुम्हाला शिट्टी मिळाली, लाल-पिवळा टी-शर्ट मिळाला आणि मे महिन्याच्या ऐन गर्दीत कोकणातल्या एका किनाऱ्यावर नेमणूकही मिळाली. पोहता तुम्हाला येतंच, त्याशिवाय कुणी घेतलं नसतं. म्हणून या मार्गदर्शिकेत पोहण्याविषयी फारसं काही नाही. जीवरक्षकाचा पाण्याशी संबंध दिवसातून काही मिनिटं येतो. बाकी सगळा वेळ गाठ माणसांशी असते, आणि माणसांच्या भरती-ओहोटीचं काही गणित नाही.

समुद्राचं आहे. पहिल्याच दिवशी गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या कोळ्याला गाठा. तो तिथीची पाऊणपट करायला सांगेल. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती पूर्ण. अष्टमीला सहाला. अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या आगेमागे, आणि तीही उधाणाची. हिशेब ढोबळ आहे, पण चहा पिता पिता होतो. पर्यटकाला तो सांगत बसू नका. पर्यटक समुद्रात उतरतो तो हॉटेलच्या चेक-आउटची वेळ बघून.

काका

प्रत्येक सहलीत एक काका असतात. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, गळ्यात टॉवेल, आणि मागे भाचरांची रांग. तुम्ही शिट्टी मारलीत की ते वळून म्हणतात, “अहो, आम्ही विहिरीत पोहणारी माणसं!” विहिरीत पोहणाऱ्यांबद्दल आदर असू द्या, पाठीला भोपळा बांधून शिकलेला माणूस हाडाचा पोहणारा असतो. फक्त विहिरीला काठ जवळ असतो आणि ती कुणाला तालुक्याबाहेर ओढून नेत नाही.

आता काका नेमके कुठे उतरतात ते पाहा. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून ओततात. ते परत जायला वाट शोधतं, आणि वाळूच्या दोन दांड्यांमध्ये खोलगट फट सापडली की एका अरुंद पट्ट्यातून जोरात आत निघतं. हाच रिप करंट. त्या पट्ट्यात पाणी खोल असल्यामुळे लाट फारशी फुटत नाही, रंग जरा गडद दिसतो, फेस आणि काडीकचरा समुद्राकडे सरकताना दिसतो. म्हणजे अख्ख्या किनाऱ्यावर सगळ्यात गरीब दिसणारं पाणी तेच. काका भाचरांना हाक मारतात, “इकडे या रे, इथं लाटा नाहीत!” जोरात असला तर हा प्रवाह सेकंदाला दोन मीटरच्या पुढे जातो, ऑलिम्पिकवाल्यालाही त्याच्या तोंडावर फार वेळ पोहता यायचं नाही. मात्र तो माणसाला खाली ओढत नाही, बाहेर नेतो. अडकलेल्याने उताणं तरंगावं, हात वर करावा, आणि दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडावं. सरळ किनाऱ्याकडे हात मारणारा दमतो, आणि दमलेला बुडतो.

हे सगळं तुम्ही काकांना समजावून सांगाल. काका ऐकून घेतील आणि विचारतील, “तुमचं गाव कुठलं?” तिसऱ्यांदा शिट्टी मारूनही उपयोग झाला नाही, तर एवढंच म्हणा, “काका, तिथं जेलीफिश आहेत.” विज्ञानाने जे होत नाही ते यानं होतं. भाचरांसकट काका दहा सेकंदांत कोरड्या वाळूवर.

लाल बावटा लावाल तेव्हा जरा पक्का ठोका. त्याला धरून फोटो काढतात.

बुडणारा ओळखणे

सिनेमात बुडणारा माणूस दोन्ही हात हलवतो आणि ‘वाचवा, वाचवा’ ओरडतो. तुमच्या किनाऱ्यावर असं कुणी दिसलं तर जा, पण एक ध्यानात घ्या : ज्याला ओरडता येतं त्याच्या छातीत अजून हवा आहे. खरा बुडणारा गप्प असतो. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक असलेल्या फ्रँक पिया यांनी 1970 च्या सुमाराला बुडणाऱ्यांचं चित्रीकरण करून हे दाखवून दिलं. तोंड पाण्याखाली जातं, क्षणभर वर येतं. तेवढ्या वेळात श्वास घ्यायचा की हाक मारायची? शरीर श्वास निवडतं. हात वर करून हलवता येत नाहीत, कारण ते आपोआप बाजूला पसरून पाणी खाली दाबत असतात. मान मागे, तोंड उघडं, केस डोळ्यांवर आलेले आणि ते बाजूला करायचं भान नाही. लांबून वाटतं, माणूस निवांत आकाश बघतोय. असा तो 20 ते 60 सेकंद पृष्ठभागावर राहतो. शेजारीच कंबरभर पाण्यात त्याचे मित्र रील करत असतात आणि त्या रीलमध्ये तो मागे दिसतही असतो.

तेव्हा गोंगाटाकडे कान द्या, पण डोळे गप्प डोक्यांवर ठेवा. खिदळणारं पोर अचानक शांत झालं की उठून उभे राहा.

पाण्यात शिरताना टॉर्पेडो बॉय, म्हणजे धरून तरंगायचं साधन, घेतल्याशिवाय शिरू नका. बुडणाऱ्याला तुम्ही माणूस वाटत नाही, शिडी वाटता. तो तुमच्या डोक्यावर चढतो. म्हणून हातभर अंतरावरून आधी बॉय त्याच्या पुढ्यात सरकवायचा. तरीही मिठी बसलीच तर झटापट न करता खाली बुडी मारा. त्याला वर राहायचं असतं, तो आपण होऊन सोडतो.

वाळूवर

इथून खरा अभ्यास सुरू होतो. पोराला तुम्ही बाहेर आणलंत, ओल्या वाळूवर उताणं ठेवलंत, आणि मान वर करून पाहिलंत तर आकाश दिसत नाही. चाळीस माणसं कडं करून उभी. एकाचा हात पोराच्या पोटाकडे आधीच निघालेला. “पाणी काढा, आधी पोट दाबा!” दुसरा म्हणतो, उलटं टांगा. तिसरा, गरागरा फिरवा. एक बाई पर्समध्ये कांदा शोधते आहे, सापडतोही. मागून कुणीतरी पायताण हुंगवायला सुचवतो, हा उपाय फिटचा आहे याची आठवण चौथा करून देतो, आणि त्यावर त्यांचं आपसात लागतं.

पोट का दाबायचं नाही ते तुम्हाला माहीत असायला हवं, कारण तुम्हाला विचारलं जाईल. पोटातलं पाणी पोटात असतं. त्याने कुणी मरत नाही. दाबलंत तर ते अन्नासकट घशाशी येतं आणि श्वासनळीत उतरतं. फुप्फुसात गेलेलं पाणी उलटं टांगून निथळत नाही. पोराला कमी पडला आहे तो प्राणवायू, आणि तो देण्याआधी जे जे कराल ते फुकट गेलेला वेळ.

म्हणून : हाक मारा, खांदा हलवा. प्रतिसाद नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके आहेत, तर हनुवटी वर उचलून डोकं मागे करा, नाक चिमटीत धरा आणि छाती उचललेली दिसेल असे पाच श्वास द्या. अमेरिकेत दोन शिकवतात, युरोपात पाच. तुमच्या प्रशिक्षकाने सांगितले असतील तेवढे द्या, पण द्या. रस्त्यावर कोसळलेल्याला नुसती छाती दाबणंही चालतं, बुडालेल्याला श्वास हवाच. मग छातीच्या मध्यावर तळहात, त्यावर दुसरा, कोपर ताठ, 30 वेळा दाबा, 2 श्वास, पुन्हा 30. मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटिमीटर खाली गेली पाहिजे. बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबू नका, ती पुढे जुळते. वेग मिनिटाला 100 ते 120, म्हणजे प्रसाद समोर दिसू लागल्यावर मंडळी आरतीचं शेवटचं कडवं ज्या चालीत म्हणतात, साधारण तसा. तोंडातून फेस येईल. पुसत बसू नका, येतच राहतो. उलटी आली तर मात्र कुशीवर वळवा, तोंड साफ करा आणि पुन्हा सुरू करा.

आता ती चाळीस माणसं. ‘मागे व्हा, हवा येऊ द्या’ असं ओरडल्याने कुणी मागे झाल्याची नोंद नाही. प्रत्येकाला वाटतं, हे शेजारच्याला उद्देशून आहे. बोट दाखवून एकेकाला काम द्या. “निळा शर्ट, 108 लावा, लागला की फोन स्पीकरवर माझ्या कानाशी धरा.” ही रुग्णवाहिका राज्यात 2014 पासून आहे, पण तिला तुमच्या किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनातून वाट कुठली ते कोण सांगणार? म्हणून, “टोपीवाले, डांबरी रस्त्यावर जाऊन उभे राहा, गाडी आत वळवा.” व्हिडिओ काढणाऱ्याला सांगा, “तुम्ही पंचा धरून आडोसा करा.” दोन्ही हातांनी पंचा धरला की फोन आपोआप खिशात जातो. कांदावाल्या ताईंना पोराच्या आईजवळ बसवा. तिथे त्यांच्यासारखं माणूस हवंच असतं.

आणि पोट दाबा म्हणणारा? त्याला हाकलू नका. छाती दाबणारा दोन मिनिटांत थकतो, हात नकळत उथळ पडू लागतात आणि माणूस बदलावा लागतो. हा गृहस्थ आल्यापासून काहीतरी दाबायला आतुर आहे. मनगटात जोर आहे, उत्साह आहे. चुकली आहे ती फक्त जागा. त्याचे हात धरा, वीतभर वर आणा, छातीच्या मध्यावर ठेवा आणि म्हणा, “इथं. मी मोजतो, तुम्ही दाबा.”

त्याला हसू नका, कारण त्याचे पूर्वज मोठे लोक होते. 1767 मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक संस्था निघाली. बुडालेल्याच्या तोंडात फुंकर घालावी, हे त्या काळात लोकांना सांगायला तिने सुरुवात केली. शिवाय तिच्या उपचारांत तंबाखूचा धूर देणंही होतं. तो नाकातोंडातून नव्हे, मागच्या वाटेने, नळी लावून, भात्याने. पुढे लंडनमध्ये थेम्सच्या काठी त्याची साधनपेटीच ठेवलेली असे. निकोटिन हृदयाला घातक आहे हे प्रयोगाने दिसू लागल्यावर एकोणिसाव्या शतकात हा उपचार मागे पडला. पिंपावर पालथं घालून पुढेमागे लोळवणं, दौडत्या घोड्यावर आडवं टाकणं, हेही प्रकार झाले. तेव्हा तुमच्या किनाऱ्यावर कुणी जखमेवर मळलेली तंबाखू दाबायला निघालाच, तर त्याला सांगा की युरोपने हे याहून अवघड जागी करून पाहिलं आहे. मग स्वच्छ फडक्याने जखम घट्ट दाबून धरा.

सराव ज्या रबरी बाहुलीवर तुम्ही केलात तिचा चेहरा आठवतो? नॉर्वेतले खेळण्यांचे कारखानदार आस्मुंड लेर्डाल यांनी ती 1960 मध्ये बाजारात आणली. चेहरा घेतला तो पॅरिसमधल्या एका अनामिक तरुणीच्या मुखवट्यावरून. सीन नदीत ती बुडालेली सापडली, असं सांगतात. खरंखोटं कुणाला सिद्ध करता आलेलं नाही, पण जगभरच्या शिकाऊंनी श्वास द्यायला सुरुवात केली ती तिलाच. सुरतीच्या वासाचं तोंड, दाढीचे खुंट आणि वाळू यांचा सराव तिच्यावर होत नाही; ते प्रत्यक्षातच शिकावं लागतं. खिशात पॉकेट मास्क ठेवा.

शुद्धीवर आल्यावर

खोकला, डोळे उघडले, रडला. टाळ्या पडतात. आता सगळ्यात चिवट टप्पा. वडील म्हणतात, “बरा आहे की! आम्हाला पाचला निघायचंय.” आत्ता बोलणाऱ्या माणसालाही पुढच्या काही तासांत धाप लागू शकते, कारण पाण्याने फुप्फुसाचं आतलं अस्तर बिघडलेलं असतं. खोकला, फेस, दम यांपैकी काहीही झालं असेल तर दवाखान्यात तपासणी आणि काही तास देखरेख, याला पर्याय नाही. गाडीत बसवून घाट चढायला लावू नका. पटत नसेल तर आईला सांगा. वडील वेळापत्रक बघतात, आई ओठांचा रंग बघते.

किरकोळ

पाकट चावत नाही, शेपटीचा काटा मारते. 2013 च्या गणेश विसर्जनात गिरगाव चौपाटीवर कित्येक भाविकांना तिने प्रसाद दिला होता. पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा. त्या विषाचा जोर उष्णतेने ओसरतो. पावसाळ्यात येणाऱ्या निळ्या जेलीफिशचे धागे चिमट्याने काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा. वाळू चोळायची नाही. लघवीचा उपाय सुचवणारा एक तरी निघतोच, आणि तो सहसा स्वतःच पुरवठ्याला तयार असतो. आभार माना.

पुळणीवर आणलेली मोटार भरतीत रुतली तर ते तुमचं काम नाही. मालक तुम्हालाच बोलावील. माणसं उतरवा, चावी त्यांच्याकडेच राहू द्या, आणि तिथीची पाऊणपट करून पाणी कधी उतरेल ते सांगा.

शेवटी नोंदवही. वेळ, झेंडा कुठला होता, किती श्वास दिले, रुग्णवाहिका कधी आली, सगळं लिहा. ‘कारण’ या रकान्यात ‘काका’ असं लिहू नका, वरचे साहेब परत पाठवतात. लिहिता लिहिता तुम्ही वाचवलेल्याचा मित्र येऊन उभा राहील. तो आभार मानायला आलाय असं समजून उठू नका. त्याची एक चप्पल आत राहिली आहे, नवी होती, आणि तुम्ही जाताच आहात तर बघाल का, असं त्याचं म्हणणं असतं. चपलेसाठी पाण्यात जायचं नाही. उद्याच्या भरतीला लागेल म्हणावं, आणि दुसरी इथंच ठेवून जा.